सिझरच्या वेळी बीपी अचानक का घसरतं, आणि कोणाचं जास्त घसरतं?

एरवी मी इथे फोनची बॅटरी, यूपीआय, स्मार्टवॉचचे सेन्सर असल्या गोष्टींवर लिहितो. आजचा विषय ऑपरेशन थिएटरमधला आहे. पण त्यातही सेन्सर आहेत, अल्गोरिदम आहे आणि दर मिनिटाला बीप करणारा एक मॉनिटर आहे, त्यामुळे अगदीच वाट चुकलोय असं समजू नका.

दोन वर्षांपूर्वी माझ्या ताईचं सिझर झालं. आम्ही सगळे ओटीबाहेरच्या बाकड्यावर बसलो होतो. दार उघडून एक सिस्टर घाईघाईने बाहेर आल्या, दुसऱ्या सिस्टरला "बीपी लो झालंय" एवढंच म्हणाल्या आणि ट्रे घेऊन परत आत गेल्या. पुढची दहा मिनिटं आई देवाचं नाव घेत होती आणि भाऊजी गूगल करत होते. गूगलने त्यांना जे दाखवलं ते इथे न लिहिलेलंच बरं. मग बाळाचं रडणं ऐकू आलं आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. ताई नंतर म्हणाली, "एकदम मळमळलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, वाटलं आता मी जाते. मग डॉक्टरांनी सलाइनमधून काहीतरी दिलं आणि मिनिटभरात ठीक वाटलं." नक्की काय झालं होतं हे त्या हॉस्पिटलात आम्हाला नंतरही कोणी सांगितलं नाही.

यावर्षी बायकोला नववा महिना लागला. बाळ पायाळू, त्यामुळे सिझरची तारीख ठरलेली. ताईची गोष्ट तिला माहीत होती. एका रात्री तिने विचारलं, "माझंही बीपी तसंच पडणार का रे?"

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. प्रश्न आला की लगेच एक्सेल उघडायची वाईट सवय. एका रकान्यात जोखमीचे घटक, दुसऱ्यात बायकोची माहिती, शेवटी टक्केवारी, असा माझा बेत होता. तो बेत का फसला, हेच या लेखात सांगतोय. मी डॉक्टर नाही. हे सगळं वाचून आणि आमच्या भूलतज्ज्ञ मॅडमना भरपूर प्रश्न विचारून लिहिलंय. तुमच्या घरच्या पेशंटचा निर्णय तुमचे डॉक्टरच घेतील.

पाठीतलं ते इंजेक्शन

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या आकड्यांनुसार भारतात २१.५ टक्के बाळंतपणं सिझरने होतात, महाराष्ट्रात हे प्रमाण त्याहून जास्त आहे. आणि ठरवून केलेल्या बहुतेक सिझरमध्ये पूर्ण भूल न देता स्पायनल दिलं जातं. म्हणजे आई जागी असते, बाळाचं रडणं स्वतः ऐकते.

कमरेच्या खालच्या भागात, दोन मणक्यांच्या फटीतून एक अगदी बारीक सुई आत जाते. मज्जारज्जू साधारण कमरेच्या पहिल्या मणक्यापाशी संपतो, सुई त्याच्या खाली टोचतात, म्हणून "मज्जारज्जूला लागलं तर?" ही भीती बाजूला ठेवा. आत जे पाणी असतं त्यात जेमतेम दोन मिलिलिटर औषध सोडतात. बहुतेक वेळा हे औषध म्हणजे बुपिव्हाकेन, त्यात थोडी साखर मिसळून जड केलेलं. जड असल्यामुळे ते गुरुत्वाकर्षणाने खालच्या बाजूला सरकतं, आणि पेशंटला कसं झोपवलं यावर ते कुठवर पोचेल हे बऱ्यापैकी ठरतं. ही पद्धत काही नवीन नाही. जर्मनीतल्या आउगुस्ट बीअर या सर्जनने १८९८ मध्ये ती पहिल्यांदा वापरली.

आता मजा बघा. टाके पोटाच्या अगदी खालच्या भागात पडतात, तरी बधिरपणा छातीपर्यंत, साधारण स्तनाग्रांच्या पातळीपर्यंत चढवावा लागतो. कारण पोटाच्या आतल्या पडद्याच्या नसा वरून येतात. तिथवर भूल चढली नाही, तर आत ओढताना दुखतं.

आणि बीपीची सगळी भानगड इथेच सुरू होते.

नळ तेच, पाइप रुंद

आपल्या रक्तवाहिन्या म्हणजे नुसते पाइप नाहीत. त्यांच्या भिंतींत स्नायू असतात आणि पाठीच्या कण्यातून निघणाऱ्या काही नसा त्या स्नायूंना सतत "आवळून राहा" असा निरोप देत असतात. तुम्ही बसल्याजागेवरून पटकन उठता तेव्हा चक्कर येत नाही, ती याच व्यवस्थेमुळे. नसांचं हे जाळं छातीपासून कमरेच्या वरच्या भागापर्यंत पसरलेलं असतं. स्पायनलचं औषध दुखण्याच्या नसा बंद करतं तेव्हा या नसाही बंद पडतात. औषधाला दोन्हींत फरक करता येत नाही.

निरोप थांबला की पायातल्या आणि पोटातल्या रक्तवाहिन्या सैल होतात. रक्त तेवढंच, पण ते मावायला जागा मोठी. सोसायटीच्या टाकीतलं पाणी तेवढंच ठेवून सगळे पाइप एकदम दुप्पट रुंद केले तर शेवटच्या नळाला धार कशी येईल? तसंच. त्यात भूल जास्त वर चढली तर हृदयाचा वेग वाढवणाऱ्या नसाही सापडतात, आणि एरवी बीपी पडल्यावर जोरात धडधडून भरपाई करणारं हृदय उलट संथ होतं.

तिसरी गोष्ट फक्त गरोदर बाईलाच लागू होते. नवव्या महिन्यातलं गर्भाशय जड असतं. ती उताणी झोपली की ते मागच्या मोठ्या शिरेवर दाब देतं आणि पायांकडून हृदयाकडे परतणारं रक्त अडतं. एरवी शरीर आजूबाजूच्या रक्तवाहिन्या आवळून वेळ मारून नेतं. स्पायनलनंतर आवळायचा निरोपच बंद, मग बीपी धाडकन खाली.

आईला याचा त्रास म्हणजे मळमळ, उलटी, चक्कर, श्वास कोंडल्यासारखं वाटणं. बाळाचा मुद्दा वेगळा आहे. गर्भाशयाला मिनिटाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर रक्त मिळतं, आणि मेंदूसारखी स्वतःचा पुरवठा सांभाळायची सोय त्या रक्तवाहिन्यांत नसते. आईचं बीपी जितकं खाली, तितका वारेकडे जाणारा पुरवठा कमी. एखाद्-दोन मिनिटं बीपी पडलं आणि लगेच सावरलं तर बहुतेक वेळा बाळाला काही होत नाही. ते बराच वेळ पडून राहिलं तर मात्र बाळाच्या रक्तात आम्ल वाढतं. म्हणून ओटीत एवढी घाई दिसते.

"बीपी पडलं" म्हणजे नक्की किती?

एक्सेलच्या पहिल्याच रकान्यात मी अडकलो. "किती टक्के बायकांचं बीपी पडतं?" या साध्या प्रश्नाला सरळ उत्तर नव्हतं.

२०१० मध्ये काही संशोधकांनी ६३ अभ्यास तपासले. त्यांत "लो बीपी"च्या तब्बल १५ वेगवेगळ्या व्याख्या निघाल्या. कोणी म्हणे वरचं बीपी १०० च्या खाली, कोणी म्हणे मूळच्या ८० टक्क्यांच्या खाली, कोणी म्हणे त्रास झाला तरच. मग त्यांनी एकाच गटातल्या बायकांना या सगळ्या व्याख्या लावून पाहिल्या. उत्तर आलं ७.४ टक्क्यांपासून ७४.१ टक्क्यांपर्यंत! पेशंट त्याच, डेटा तोच, फक्त इफ कंडिशन बदलली. कोड लिहिणाऱ्यांनो, ही गोष्ट लक्षात ठेवा.

आता बऱ्यापैकी सर्वमान्य असलेला आधार म्हणजे २०१८ चं आंतरराष्ट्रीय सहमतीपत्रक. ते सांगतं की वरचं बीपी मूळ आकड्याच्या ९० टक्क्यांवर ठेवायचा प्रयत्न करा आणि ८० टक्क्यांखाली जाऊ देऊ नका. म्हणजे मूळ १२० असेल तर लक्ष्य १०८ आणि लाल रेघ ९६. इथे "मूळ" आकडा महत्त्वाचा आहे. तो नीट मोजला नाही तर पुढचं सगळं गणित चुकतं.

आणि मोजतात कसं? दंडाचा पट्टा फुगतो, मग हळूहळू हवा सोडतो. हवा सुटताना धमनीच्या ठोक्यांमुळे पट्ट्यात बारीक कंपनं येतात. कंपनं सगळ्यांत मोठी असतात तो दाब म्हणजे सरासरी बीपी. वरचा आणि खालचा आकडा मशीन त्यावरून कंपनीच्या स्वतःच्या सूत्राने काढतं. या सगळ्याला साधारण अर्धं मिनिट लागतं. म्हणजे स्क्रीनवर दिसतो तो आकडा थोडा जुना असतो. स्पायनलनंतर सुरुवातीला पट्टा दर मिनिटाला फुगवतात तो याचसाठी. दर पाच मिनिटांनी मोजलं तर मधली दरी दिसणारच नाही. स्पायनलनंतर अनेकींना थंडी वाजून अंग थरथरतं, ती थरथर मशीनला ठोक्यांसारखी वाटते आणि आकडा गडबडतो. तेव्हा हात शक्य तेवढा सैल आणि स्थिर ठेवायचा.

कोणाचं जास्त पडतं?

सगळ्यांत मोठा घटक म्हणजे भूल किती वर चढली. जितकी वर, तितक्या जास्त नसा बंद. औषधाचा डोस, ते कोणत्या फटीतून दिलं, पेशंटला कसं झोपवलं, हे सगळं याच हिशोबात येतं. आणि हा घटक पेशंटच्या नाही, भूलतज्ज्ञांच्या हातात असतो.

पेशंटच्या बाजूने बघायचं तर वाढतं वय आणि जास्त वजन अभ्यासांमध्ये वारंवार दिसतात. वजनाचं कारण मला नवीन होतं: पोटातला दाब जास्त असला की कण्यातल्या पाण्याला जागा कमी उरते, मग तेवढंच औषध जास्त वर पसरतं. बाळ वजनदार असेल तर शिरेवरचा दाब वाढतो. जुळं असेल तर आणखी वाढेल असं आपल्याला वाटतं, पण तिथे अभ्यासांचं एकमत नाही. मुळातच बीपी कमी असणं, ऑपरेशनआधी नाडी जलद असणं, अंगात पाणी कमी असणं किंवा आधी रक्तस्राव झालेला असणं, हेही यादीत आहेत. ऑपरेशनआधीची भीतीसुद्धा एका अभ्यासात बीपी जास्त पडण्याशी जोडलेली आढळली. (हे मी बायकोला सांगितलं नाही. सांगून काय होणार होतं, आणखी भीती!)

एक खूण मात्र घरीच कळते आणि ती सांगायला हवी. शेवटच्या महिन्यांत उताणं झोपल्यावर चक्कर येते का? घाम फुटतो, अस्वस्थ वाटतं आणि कुशीवर वळल्यावर बरं वाटतं का? तसं असेल तर तुमच्या बाबतीत शिरेवरचा दाब शरीराला आताच झेपत नाहीये, स्पायनलनंतर तो आणखी जाणवू शकतो. बायकोला हे होत होतं. ती "गॅस असेल" म्हणून सोडून देत होती.

दोन गोष्टी माझ्या अंदाजाच्या अगदी उलट निघाल्या. कळा सुरू झालेल्या बाईचं बीपी ठरवून केलेल्या सिझरपेक्षा कमी पडताना दिसतं. आणि गरोदरपणात बीपी खूप वाढलेल्या, म्हणजे प्रीएक्लॅम्प्सिया असलेल्या बायकांचं बीपी स्पायनलनंतर निरोगी बायकांपेक्षा कमी घसरतं, कारण त्यांच्या रक्तवाहिन्या आवळून ठेवणारे पदार्थ रक्तातच फिरत असतात. नसांचा निरोप थांबला तरी ते पदार्थ काम करत राहतात. याचा अर्थ त्या सुरक्षित असतात असा मुळीच नाही. त्यांचे इतर धोके मोठे असतात.

ड्रॉवरमधला ऑक्सिमीटर

कोविडच्या काळात घरोघरी बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आले. त्यातल्या अनेकांवर ऑक्सिजन आणि नाडी यांच्याबरोबर "पीआय" नावाचा तिसरा आकडा दिसतो, ज्याकडे कोणीच बघत नाही. हा परफ्युजन इंडेक्स. बोटातून जाणाऱ्या इन्फ्रारेड प्रकाशाच्या सिग्नलचे दोन भाग असतात: ठोक्याबरोबर हलणारा आणि स्थिर राहणारा. हलणारा भाग भागिले स्थिर भाग, गुणिले शंभर, म्हणजे पीआय. रक्तवाहिन्या सैल असतील तर हा आकडा मोठा येतो.

२०१३ मध्ये जपानमधल्या संशोधकांना दिसलं की स्पायनलआधीच पीआय ३.५ च्या वर असलेल्या बायकांचं बीपी नंतर जास्त पडतं. तर्क सोपा: ज्यांच्या रक्तवाहिन्या आधीच सैल, त्या आवळल्यामुळे उरलेला आधार स्पायनलने जातो. नंतर भारतातही त्याच आकड्यावर अभ्यास झाले आणि मिळतंजुळतं उत्तर आलं. मी खूश! एक्सेलला एक छान आकडा मिळाला होता. मग जपानमधलाच २०१५ चा दुसरा अभ्यास वाचला. त्यात पीआयने काहीच सांगितलं नव्हतं, सुरुवातीच्या नाडीने मात्र थोडाफार अंदाज दिला होता.

तरी मी ड्रॉवरमधला ऑक्सिमीटर काढून बायकोच्या बोटाला लावलाच. २.१ आला. तिने चहाचा गरम कप धरल्यावर परत लावला, ४.८. बोट गार आहे की गरम, कोणतं बोट, हात हलला का, सगळ्याने हा आकडा बदलतो. तेव्हा मित्रांनो, घरी पीआय बघून घाबरू नका आणि निर्धास्तही होऊ नका.

स्मार्टवॉचचंही तेच. घड्याळातला हिरवा प्रकाश नाडी बऱ्यापैकी मोजतो, पण बीपी दाखवणाऱ्या घड्याळांना आधी दंडाच्या पट्ट्याशी जुळवून घ्यावं लागतं आणि त्यानंतरही तो अंदाजच असतो. कॅमेऱ्यावर बोट ठेवून बीपी सांगणारं अॅप असेल तर सरळ डिलीट करा. शिवाय ओटीत घड्याळ, बांगड्या, अंगठ्या सगळं काढूनच पाठवतात.

मॅडम हसल्या

ऑपरेशनआधीच्या तपासणीला मी एक्सेल फोनवर घेऊन गेलो. भूलतज्ज्ञ मॅडमनी ती शांतपणे पाहिली, थोडं हसल्या आणि म्हणाल्या, "छान केलंय. पण मी प्रत्येकीचं बीपी पडणार असं धरूनच चालते."

इथे माझा बेत संपला. विचार केला तर इंजिनिअरिंगच्या दृष्टीनेही त्यांचंच बरोबर होतं. घटना इतक्या वेळा घडत असेल, आणि ती टाळायचा उपाय हाताशी असेल, तर कोणाला होईल याचा अंदाज बांधणारं मॉडेल कशाला हवं? २०१८ चं पत्रकही तेच सांगतं: बीपी पडायची वाट न बघता रक्तवाहिन्या आवळणारं औषध सुरुवातीपासून द्या. यात फेनिलएफ्रिन हे मुख्य नाव. आपल्याकडे मेफेंटरमाइनही बरंच वापरलं जातं. सोबत स्पायनल देतानाच सलाइन वेगाने सोडतात. नुसतं सलाइन पुरत नाही, कारण सैल झालेल्या पाइपांत ते फार वेळ टिकत नाही.

पेशंटला थोडं डावीकडे कलवतात, उजव्या कुशीखाली उशी देऊन किंवा टेबल तिरकं करून. यातही एक गंमत आहे. वर्षानुवर्षं १५ अंश कल पुरे असं मानत होते. २०१५ मध्ये जपानमध्ये गरोदर बायकांचं एमआरआय काढून पाहिलं तर १५ अंशांवर शिरेतलं रक्त फारसं वाढलंच नव्हतं, ३० अंशांवर वाढलं. पण ३० अंश तिरक्या टेबलावर ऑपरेशन करून बघा म्हणावं सर्जनना!

सिंगापूर आणि हाँगकाँगमध्ये याच्याही पुढे जाऊन पाहिलंय. बीपी मोजणारं मशीन कॉम्प्युटरला जोडायचं आणि कॉम्प्युटरने औषधाचा पंप चालवायचा. आपल्या एसीच्या थर्मोस्टॅटसारखं. सिंगापूरच्या व्यवस्थेत तर दोन औषधं आहेत आणि नाडी बघून कॉम्प्युटर त्यातलं एक निवडतो, कारण फेनिलएफ्रिनने नाडी संथ होते. अशा पंपांनी बीपी हाताने दिलेल्या औषधापेक्षा जास्त स्थिर राहू शकतं, हेही त्या पत्रकात नोंदवलेलं आहे.

मग जोखमीच्या घटकांचा उपयोग काय? मॅडमच्या शब्दांत, "तयारी किती ठेवायची ते ठरवायला." बायकोने उताणं झोपल्यावर येणाऱ्या चक्करबद्दल सांगितलं तेव्हा त्यांनी फाइलवर लाल पेनने काहीतरी लिहिलं. चालू असलेली औषधं, आधीच्या ऑपरेशनमध्ये झालेला त्रास, हृदयाचा काही आजार, शेवटचं कधी खाल्लं-प्यायलं, हे त्यांनी स्वतःच विचारलं. नेलपॉलिश काढून यायला सांगितलं, सेन्सर बोटाला लागतो म्हणून. आणि बायकोला बजावलं, "टेबलावर मळमळलं की लगेच बोलायचं. मशीनच्या आधी तुला कळतं."

दोन चार्ट

ऑपरेशननंतर मी भूलेच्या चार्टची कॉपी मागितली. पेशंटने मागितल्यावर ७२ तासांत नोंदी द्याव्यात असा २००२ चा नियम आहे आणि नोंदी तीन वर्षं जपून ठेवायच्या असतात. हा चार्ट म्हणजे अगदी लॉग फाइलच. मूळ बीपी १२४. स्पायनलनंतर दोन मिनिटांनी ११६, तिसऱ्या मिनिटाला १०२, समोर "मळमळ" असं लिहिलेलं आणि औषधाचा एक जादा डोस. पुढचा आकडा ११८. बाळ बाहेर आलं तेव्हा १२१. बायको म्हणते तिला मळमळल्याचं आठवतंय, पण मॅडम शेजारीच होत्या आणि "आता बरं वाटेल" म्हणाल्या, म्हणून भीती वाटली नाही.

मग ताईलाही तिचा चार्ट मागायला लावला. दोन आठवडे पाठपुरावा केल्यावर झेरॉक्स मिळाली. मूळ १२८, तिसऱ्या मिनिटाला ८४, औषध, चौथ्या मिनिटाला ९८, पाचव्याला ११४. मी तो कागद आईला दाखवला, ८४ वर बोट ठेवलं आणि ११४ पर्यंत नेलं. "एवढंच?" आई म्हणाली. "आणि हे तेव्हा कोणी सांगितलं नाही?"